वाचकांचे प्रश्न : जिओजेब्रा आणि फलनांचे आलेख

प्रश्न : अकरावीला फलने शिकवते. जिओजेब्रा या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर (किंमत बदलण्याची सरकपट्टी) हलवला की आलेख सरकतो हे मुलांना दिसते. पण कंसात ‘एक्स उणे ३’ असताना तो उजवीकडे का जातो, हे कुणालाच सांगता येत नाही.
(शिक्षिका, सातारा)

उत्तर : स्लायडरला हात लावण्याआधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घ्या. आलेख आधीच सरकताना दिसला, तर मुले फक्त बघतात, विचार करत नाहीत.

इनपुटमध्ये (अक्षरे इंग्रजीच) आधी जी(एक्स) = एक्स^२ द्या आणि त्याची रेघ तुटक करा. मग एफ(एक्स) = ए*(एक्स − एच)^२ + के. ए, एच, के यांचे स्लायडर आपोआप तयार होतात, किंवा तयार करू का असे विचारले जाते. गुणाकाराची खूण गाळू नका. काही आवृत्त्यांत लागून आलेली दोन अक्षरे एकच नाव समजली जातात. ‘ई’ हे अक्षर स्लायडरला देऊ नका, ते २.७१८... या संख्येसाठी राखून ठेवलेले असते.

स्लायडर मुळात −५ ते ५ असतो आणि ०.१ ने पुढे जातो. एच आणि के यांची पायरी १ करा, नाहीतर शिरोबिंदू (आलेख जिथे वळतो ते टोक) २.७ वर थांबतो आणि फळ्यावरच्या कोष्टकाशी ताळा बसत नाही. शिरोबिंदू दाखवायला व्ही = (एच, के) लिहा; व्ही कॅपिटलच हवा, स्मॉल लिहिलात तर बिंदूऐवजी सदिशाचा बाण येतो.

आता ए = १, एच = ३, के = ० ठेवून ० ते ६ पर्यंतच्या किमतींचे कोष्टक मुलांकडूनच भरून घ्या. जी : ०, १, ४, ९, १६, २५, ३६. एफ : ९, ४, १, ०, १, ४, ९. जीला शून्य कुठे मिळाले? शून्यावर. एफला? तिनावर. कंसातून ३ वजा होणार, म्हणून कंस शून्य व्हायला एक्सला ३ व्हावेच लागते. जीला १ वर मिळालेली किंमत एफला ४ वर मिळते, २ वरची ५ वर. प्रत्येक बिंदू तीन घरे उजवीकडे जातो तो यामुळे. एवढे झाल्यावर स्लायडर मुलांच्या हाती द्या. के मुलांना लगेच कळतो. ए शून्यावर आला की आडवी रेघ उरते. तिथे थांबून ‘हे अजून वर्गफलन आहे का?’ असे जरूर विचारा.

प्रश्न : साइनचा आलेख ० ते ३६० अंशांपर्यंत काढला तर नुसती दाट जाळी दिसते.

उत्तर : साइन(एक्स) लिहिले की एक्स अंशांत नव्हे, रेडियन या कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात धरला जातो. ३६० रेडियनमध्ये सुमारे ५७ लाटा मावतात, तीच तुमची जाळी. साइन(एक्स°) लिहा; अंशाची खूण ऑल्ट आणि ओ एकत्र दाबून येते. एक्स-अक्ष ० ते ३६०, वाय-अक्ष −२ ते २ ठेवा आणि एक्स-अक्षावरचे अंतर ९० करा. अवकलन शिकवताना मात्र रेडियनच वापरा, कारण अंशांत साइनचे अवकलन नुसते कोसाइन येत नाही.

प्रश्न : (एक्स² − १)/(एक्स − १) चा आलेख सलग सरळ रेघ येते. सॉफ्टवेअर चुकते का?

उत्तर : चुकत नाही. एक्स = १ ला एकच बिंदू गळतो, आणि एका बिंदूएवढी फट पडद्यावर दिसत नाही. या फलनाला एफ नाव देऊन इनपुटमध्ये एफ(१) लिहा, उत्तरात प्रश्नचिन्ह येईल. मग (१, २) वर पोकळ वर्तुळ स्वतः काढून दाखवा.

प्रश्न : आमच्या संगणक कक्षात नेट नाही. आलेखांसाठी डेसमॉस ही वेबसाइट घ्यावी की जिओजेब्रा?

उत्तर : जिओजेब्रा क्लासिक ५. डेसमॉसची वेबसाइट नेटशिवाय उघडत नाही. क्लासिक ५ चा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आणा, आलेखांच्या फाइली घरीच तयार करून सोबत ठेवा. प्रोजेक्टरसाठी अक्षरे २४ आकाराची आणि रेघ जाड करा. मूळची रेघ मागच्या बाकावरून दिसत नाही.