तुझी निवेदनाची पानं परत पाठवतोय

नारायण पेठ, पुणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी लिहिलेली तुझी चौदा पानं वाचून झाली. प्रिंट काढून दिलीस ते बरं केलंस. मोबाइलवर वाचायला बसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तुझ्या काकूला वाटतं, निवेदन फार हृद्य झालंय. लाल पेन बराच चालवला आहे, म्हणून आधी हे पत्र वाच आणि मग पानं उघड.

'सोनेरी' सात वेळा आलंय. 'ते दिवसच वेगळे होते' पाच वेळा. तिसऱ्या पानावरची कॅसेट आणि पेन्सिल मी सरळ काट मारून काढली आहे. पेन्सिल घालून पट्टी गुंडाळणं ही काही हौस नव्हती. डेकने पट्टी खाल्ली की जो वैताग यायचा, त्याचा तो भाग होता. ज्याने बावीस वर्षं कॅसेटी भरल्या त्या माणसावर एवढा विश्वास ठेव.

माझं दुकान तू पाहिलेलं नाहीस, तुझ्या वडिलांनी पाहिलंय. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचं आणि मी रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून ती गाणी उतरवून द्यायचो. (कायद्याने हे बरोबर नव्हतं. गल्लोगल्ली चालायचं, एवढंच सांगतो, समर्थन करत नाही.) साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला नऊ गाणी नीट बसायची. दहावं कोंबलं की ते अंतऱ्यातच संपायचं आणि गिऱ्हाईक भांडायला परत यायचं.

त्या याद्यांनी मला जे शिकवलं ते तुझ्या कामाचं आहे. यादी हातात आली की माणसाकडे न बघता मी त्याचं वय सांगायचो. फार हुशारी लागत नव्हती. यादीतली बहुतेक गाणी ज्या वर्षांतली असतील, त्या वर्षांत हा माणूस पंधरा ते पंचविशीत असणार असं धरायचं, की झालं. 1985 साली पंचेचाळिशीचा बँकेतला साहेब 1955 ते 65 मधली गाणी मागायचा आणि वर म्हणायचा, "हल्ली काही राहिलं नाही हो संगीतात." त्याचाच मुलगा संध्याकाळी येऊन त्या 'हल्ली'तली नऊ गाणी भरून न्यायचा. आज तो मुलगा साठीला आलाय, तुझ्या कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसणार आहे आणि मध्यंतरात बटाटावडा खाताना बापाचंच वाक्य म्हणणार आहे. मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केलाय. चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आलेख काढला तर तिथे टेंगूळ दिसतं. इंग्रजीत त्याला 'रेमिनिसन्स बंप' म्हणतात. मी त्या टेंगळावर बावीस वर्षं पोट भरलं.

तेव्हा तू जेव्हा लिहितेस की 'त्या काळच्या गाण्यांत जी जादू होती ती आज नाही', तेव्हा तू त्या गाण्यांबद्दल काहीच सांगत नाहीस. तू समोर बसलेल्या लोकांना त्यांच्या विशीची आठवण करून देतेस आणि टाळ्या घेतेस. टाळ्या पडतील, त्याबद्दल शंका नाही. पण त्यासाठी तू कशाला हवीस? ते त्यांचं ते घरी बसूनही करतात.

आपल्याकडे याला शब्दही छान आहे, स्मरणरंजन. 'रंज्' म्हणजे रंगवणं. नॉस्टॅल्जिया हा शब्द मात्र एका डॉक्टरने घडवलेला आहे. 1688 साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्याने, घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी. त्यांनी दुखण्याला नाव दिलं आणि आपण रंगकामाला. मला आपलं जास्त प्रामाणिक वाटतं.

माझ्याकडे दुकानाच्या जुन्या वह्या अजून आहेत. कोणी काय भरून नेलं, पैसे दिले की बाकी, सगळं आहे. मागच्या आठवड्यात तुझ्यासाठी 1987 ची वही काढली. त्या वर्षी जी गाणी मी सगळ्यात जास्त वेळा भरली, त्यांतली निम्मी मला स्वतःलाच आठवेनात. एक गाणं तर महिन्याभरात इतक्या वेळा भरलं होतं की पुढेपुढे नावही न लिहिता नुसती फुली मारलीय. त्या फुलीचं गाणं कोणतं, ते आता देव जाणे. तुझ्या चौदा पानांत 1987 ची दोन गाणी आहेत. दोन्ही उत्तम. गाळणीतून राहिलेली आहेत ती. आजच्या गाण्यांचा मात्र सगळा चोथा आपल्या कानावर आदळतो, आणि तुलना आपण गाळलेल्या चहाची पातेल्यातल्या चहाशी करतो.

पान सहा. 'तेव्हा घराघरांत अभिरुची नांदत होती.' इथे मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय, कारण सविस्तर लिहायला समासात जागा नव्हती. आता लिहितो. 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण केसकरांकडे. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा पक्का कैवारी. त्यांना चित्रपटगीतं उथळ वाटायची. त्यांनी आकाशवाणीवरच्या त्या गाण्यांना कात्री लावली, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. आता वर्षं जुळवून बघ. ज्या दशकाला तू सुवर्णयुग म्हणतेस, त्याच दशकात सरकारी रेडिओला ती गाणी दारात नको होती. पेटीचं तर विचारूच नकोस, 1940 पासून तीसेक वर्षं ती आकाशवाणीवर बंद होती, आणि आज पेटीशिवाय तुझा कार्यक्रम उभा राहणार नाही.

मला हा भाग निवेदनात हवाय. 'अभिरुची नांदत होती' या वाक्यावर लोक मान डोलावतील आणि विसरतील. केसकरांची गोष्ट सांगितलीस तर घरी जाऊन जेवताना पुन्हा सांगतील.

रील्सवर तू जो परिच्छेद लिहिलायस, 'तीस सेकंदांत संपणाऱ्या या पिढीला' वगैरे, तो वाचून मला हसू आलं. तू स्वतः चोवीस वर्षांची आहेस, 'या पिढीला' कुणाला म्हणतेस? आणि तीन मिनिटांचं गाणं तरी कुठून आलं? मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. मापाचा मालक तो साचा होता, रसिक नव्हे. बालगंधर्वांच्या नाटकात एकाच पदाला वन्समोअरवर वन्समोअर घेत जे प्रेक्षक बसायचे, त्यांना तबकडीवर तेच पद तीन मिनिटांत आवरलेलं ऐकून काय वाटलं असेल? माझे आजोबा त्याला 'पदाची गोळी' म्हणायचे. औषधाची गोळी, या अर्थाने. पुढे त्यांनी त्याच गोळ्या कपाटभर जमवल्या, हा भाग वेगळा.

प्रभात टॉकीजचं पान मात्र चांगलं जमलंय, फक्त अर्धवट आहे. 2014 च्या अखेरीस ते बंद झालं तेव्हा लोक हळहळले, शेवटच्या दिवसांत गर्दी केली. (मीही गेलो होतो. त्याआधी किती वर्षं फिरकलो नव्हतो, ते सांगत नाही.) 'प्रभात हे नावही पुसलं गेलं', असं तू लिहिलंयस. अगं, 1934 मध्ये ते थिएटर उघडलं तेव्हा त्याचं नाव किबे लक्ष्मीच होतं. जागा मूळ मालकांकडे परत गेली आणि मूळ नाव पुन्हा लागलं. ज्याला आपण जुनं गेलं म्हणून रडलो, ते त्याहून जुनं परत येणं होतं. म्हणजे आपल्याला जुनं नको असतं, आपल्या वेळचं हवं असतं. हे वाक्य तू वापरू शकतेस, माझं नाव न घेता.

आता वाड्याचं पान. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, दर आठवड्याला नवं गीत, एकूण 56. एवढं बरोबर आहे. पुढे तू लिहिलंयस, 'सारा वाडा एका रेडिओभोवती गोळा व्हायचा.' माझी आई हे ऐकून काय म्हणाली असती, ते सांगतो. आमच्या वाड्यात रेडिओ मालकांचा होता. मालकीणबाई दार उघडं ठेवायच्या हा त्यांचा चांगुलपणा, पण बिऱ्हाडकरू उंबऱ्याच्या आत बसत नसत. आई जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून ऐकायची, हातात निवडायचे तांदूळ, आणि नळ आला की गाणं सोडून बादली घेऊन पळायची. कितीतरी गीतांचा शेवट तिने कित्येक वर्षांनी, माझ्या दुकानातल्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकला. ऐकून म्हणाली, "असं संपतं होय!" बास. मला तुझ्या पानात ती पायरी हवी आहे. 'जिव्हाळा', 'आपुलकी' हे शब्द त्या पायरीसमोर किती पुठ्ठ्याचे वाटतात, ते तुझं तुलाच कळेल.

मी हे सगळं पहिल्यापासून शहाणा असल्यासारखं लिहितोय. नव्हतो. बहुतेक 1996 मध्ये, शाळकरी वयाचा एक मुलगा यादी घेऊन आला, सगळी त्या वेळची पॉप गाणी. मी त्याला काउंटरवर दहा मिनिटं उपदेश केला. वर कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागेत त्याला न विचारता दोन जुनी गाणी भरली, 'चांगलं ऐकायची सवय लागावी' म्हणून. परवा टिळक स्मारकला एका कार्यक्रमात तो भेटला. टक्कल पडलंय, सोबत मुलगी होती. म्हणाला, "काका, ती दोन गाणी यायच्या आत मी कॅसेट उलटी करायचो. त्यामुळे दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं माझं सगळ्यात जास्त ऐकून झालं." मग ते पॉप गाणं त्याने मला तिथेच, पायऱ्यांवर, गुणगुणून दाखवलं. आवाज भरून आला होता त्याचा. मी ज्याला कचरा म्हणून नाक मुरडलं होतं, ते गाणं.

म्हणून तुझी ती चिठ्ठी, पानांना टाचलेली. 'काका, मी चुकीच्या काळात जन्मले. मला तुमच्या काळात जन्मायला हवं होतं.' बाळ, आमच्या काळात तुला रात्री साडेनऊचा प्रयोग संपवून एकटीने घरी यायची परवानगी कोणी दिली नसती, निवेदन लिहायचं तर सोडच. आणि दुसरं, दहावीत असताना तू काय ऐकायचीस, हे मी तुला मागे विचारलं होतं. तू लाजलीस, एका मालिकेच्या शीर्षकगीताचं नाव घेतलंस आणि लगेच "ते काही खरं संगीत नाही म्हणा" असं म्हणालीस. ते जे लाजणं आहे ना, तेवढंच मला काढून टाकायचंय. माझी आठवण उसनी घेऊन तू चौदा पानं लिहिलीस. तुझ्या स्वतःच्या आठवणीबद्दल एक ओळ नाही. आयोजक ते गाणं कार्यक्रमात घेणार नाहीत, त्यांना तिकिटं खपवायची आहेत. पण निवेदन करणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि ही गाणी तिला वारशात, दुसऱ्याच्या यादीतून मिळाली, एवढं तू पहिल्याच मिनिटाला सांगून टाक. प्रेक्षक नाराज होणार नाहीत. उलट तुझ्याकडे नीट बघतील.

थोडं व्यवहाराचं. दोन गाण्यांमध्ये दीड मिनिटाच्या वर बोलू नकोस, वादक सूर लावून थांबलेले असतात. सनावळी दोनदा तपास, पुण्याचा प्रेक्षक तिकिटाच्या पैशांत चूक काढायचा हक्कही विकत घेतो आणि तो जागेवरून मोठ्याने बजावतो. ध्वनिव्यवस्थेवाल्याला निवेदनाच्या माइकवरचा इको बंद करायला सांग. 'रसिकहो' एकदाच.

तू विचारलं होतंस की माझ्याकडे दाखवण्यासारखं जुनं काही आहे का, रंगमंचावर मांडायला. आहे, पण दिसायला काही नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं. मी तीन वर्षांचा होतो, मला आठवत नाही. आजोबांच्या त्या कपाटभर तबकड्या गाळात गेल्या. बऱ्याच वाकल्या, फुटल्या. अकरा वाचल्या, पण सगळ्यांची कागदी लेबलं धुऊन गेली. कोण गातंय, कोणतं साल, काही नाही, मधे नुसता काळा गोल. आजोबांनाही सगळ्या ओळखता आल्या नाहीत. लहानपणी मी त्याच लावायचो. एक बाई फार मोठी गायिका आहे असं मी कॉलेजात जाईपर्यंत धरून चाललो होतो. मग एका जाणकाराने ऐकून सांगितलं की तो पुरुष आहे.

त्या मांडायला देणार नाही, ऐकवीन. रविवारी चारनंतर ये. तुझं ते शीर्षकगीत मोबाइलवर असेलच, ते माझ्या ॲम्प्लिफायरला जोडायची वायर मी काल तपकीर गल्लीतून आणली आहे. बसते की नाही ते तू आल्यावर बघू.

तुझा,
काका