डार्क सोया : रंगाचा सॉस, मिठाचा नव्हे

प्रश्न : गाड्यावरची गोबी मंचुरी कशी तांबूस, चकचकीत असते! घरी दोन मोठे चमचे डार्क सोया घातला तर काळीकुट्ट, खारट आणि कडवट झाली. चुकलं कुठं?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, सॉस फार झाला. डार्क सोया जास्त मुरलेला आणि बहुधा कॅरॅमल घालून गडद केलेला असतो. त्याचं काम रंगाचं. अर्धा किलो फ्लॉवरच्या तुऱ्यांना एक छोटा चमचा पुरतो. चवीसाठी लाइट म्हणजे साधा, पातळ सोया दोन छोटे चमचे. मीठ दोन्हींत भरपूर, म्हणून वरचं मीठ शेवटी, चाखूनच.

कडवटपणा करपल्याचा. लसूण-मिरची परतलेल्या तापल्या कढईत सोया थेट ओतला की त्यातली साखर तळाला धरून जळते. आधी वाटीभर पाणी घाला, मग दोन्ही सोया आणि एक मोठा चमचा टोमॅटो सॉस. उकळी फुटली की दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोर पाव वाटी गार पाण्यात कालवून ओता. गरम पाण्यात हमखास गुठळ्या होतात. पांढुरकेपणा जाऊन रस चमच्याच्या पाठीला धरला की आच बंद. तुम्ही म्हणता ती चकाकी ही. तळलेले तुरे वाढायच्या वेळीच घोळवा, नाहीतर मऊ पडतात.

तांबूसपणा सोयाचा नव्हेच. गाड्यांवर तो बऱ्याचदा खायच्या रंगाचा असायचा. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, ते योग्यच झालं. आपल्याकडं ब्याडगी मिरची असताना रंगाची पुडी कशाला? चार मोठे चमचे मैदा, तीन कॉर्नफ्लोर आणि एक छोटा चमचा ब्याडगीचं तिखट असं पीठ भिजवा. या पिठात डार्क सोया नको. तळताना वरून काळवंडतं आणि तुरा आत कच्चा राहतो.

प्रश्न : डार्क सोया संपलाय, फ्राइड राइस करायचाय. काय घालू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन छोटे चमचे साखर मंद आचेवर गडद तपकिरी करा. आच बंद करून दोन मोठे चमचे गरम पाणी जपून घाला, जोरात उडतं. चार वाट्या भाताला यातलं अर्धा छोटा चमचा आणि दोन छोटे चमचे साधा सोया पुरे. भात मात्र पूर्ण निवलेला, मोकळा हवा.

प्रश्न : मुलाला गहू चालत नाही. सोया सॉस चालेल?
— एक वाचक भगिनी, चिकोडी

उत्तर : बहुतेक सोया सॉस गहू घालूनच आंबवतात. लेबलवर ‘ग्लूटेनमुक्त’ (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) लिहिलेलं असेल तरच घ्या.