मैत्रीण मुलीसारखी राहायला लागली तर तिची दारू सुटेल का?

नाही सुटणार. तुम्ही लिहिलंय की मैत्रीण पोरासारखी राहते, तिला मुली आवडतात, लोक टोमणे मारतात आणि वर्षभरात तिची दारू वाढलीय. राहणी बदलली की टोमणे थांबतील, टोमणे थांबले की दारू. हाच हिशोब एका बाईनं मला काही वर्षं ऐकवलाय, म्हणून लिहायला बसले.

२०११ मध्ये मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला लागले. बॉयकट, शर्ट-पँट, सेफ्टी शूज. सेकंड शिफ्ट सुटली की गेटवर चेकिंग, बायकांची रांग वेगळी. पहिल्याच आठवड्यात लेडी गार्डनं दंडाला धरून मला पुरुषांच्या रांगेत लावलं. तिकडचा गार्ड ओरडला, "ही तुमची, आमच्यात नको." दोन्ही रांगा हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार? मग तो रोजचाच खेळ झाला. बायकांनी डबा खायला बोलावणं सोडलं. मी कपडे बदलायच्या खोलीत शिरले की ओढण्या सावरल्या जायच्या.

जवळ केलं ते पुरुषांनी. "तू तर आपला भाऊच!" पगाराच्या दिवशी पाथर्डी फाट्याकडच्या एका परमिट रूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची माझ्यासाठी धरलेली असायची. तोवर माझ्यासाठी जागा कुणी धरली नव्हती. खुर्चीचं भाडं म्हणजे क्वार्टर. बाकीचे पितील त्यापेक्षा एक पेग जास्तच, कारण बाई असून पिते याचंच तर कौतुक होतं. दारूची चव मला कधीच आवडली नाही, हे कुणाला पटत नाही.

आता ती बाई. माझ्यासारख्याच तिलाही बायकाच आवडायच्या, पण लांब केस, टिकली, पंचवटीत शिक्षिका. तिला कुणी कधी रांगेबाहेर काढलं नाही. तिचं एकच पालुपद, "तू अंगावर ओढवून घेतेस, केस वाढव." २०१५ मध्ये वाढवले. खांद्याला टेकले, कुर्ते घातले, गेटवरचा खेळ थांबला, खोटं कशाला बोलू? पण आत्या म्हणाली, "आता कशी माणसात आलीस," आणि घरी स्थळं यायला लागली. त्याच सहा महिन्यांत मी रोज प्यायला लागले. पगाराची वाट न बघता. एकटी.

आणि तिचं? साड्यांच्या थप्पीखाली वाइनची बाटली असायची. नाशकात वाइनला कोण दारू म्हणतं? स्टीलच्या पेल्यातून प्यायची. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तिला बघायला यायचं आणि ती पोह्यांचा ट्रे घेऊन जायची.

इलान मेयर या अमेरिकी संशोधकानं २००३ मध्ये हेच मांडलंय. झालेला भेदभाव हा समलिंगी माणसांवरच्या ताणाचा एकच भाग. तो होईल ही धास्ती, लपवाछपवी, स्वतःचीच वाटणारी किळस हेही त्यातच. अमेरिकेतल्या पाहण्यांत समलिंगी आणि उभयलैंगिक बायकांमध्ये घातक पिणं इतर बायकांपेक्षा जास्त दिसतं. त्या सगळ्या काही बॉयकटवाल्या नव्हत्या.

मैत्रिणीला डॉक्टरकडे न्या. रोज भरपूर पीत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात. मला पहिल्या डॉक्टरनं लग्नाचा सल्ला दिला आणि मी मुकाट घरी आले. तुम्ही येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही, आणि "मुली आवडणं बदलून देतो" म्हणणं हे २०२२ पासून डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, मराठीत बोलतात.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही सांगते. काही जणी नुसत्या मजेसाठी पितात. काहींच्या घरात बाप पीत होता. माझाही पीत होता.

पण केसांचं खूळ सोडा. माझे मी २०१६ च्या गणपतीत सिडकोतल्या एका जेंट्स सलूनमध्ये कापून टाकले. दारू सुटली त्यानंतर दोन वर्षांनी, तीही गोळ्या आणि दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमुळे. म्हणजे कापूनही सुटली नाही, असं ती म्हणेल. म्हणू दे. ती आता ओझरला असते, लग्न झालंय, केस कमरेपर्यंत आहेत. साड्यांखाली काय असतं ते मी विचारलेलं नाही.