मिनी दारात उभी आहे, पण आरसी अजून दिल्लीवाल्याच्याच नावावर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ताईंनी लिहिलंय. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दिल्लीतल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१३ ची मिनी कूपर घेतली, पेट्रोल, लाल रंग, पांढरं छप्पर. ९ लाख २५ हजार ठरले, त्यातले साडेआठ लाख बँकेतून दिले आणि ७५ हजार रोख. डीलरने सही केलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) दिले, आरसीची झेरॉक्स दिली आणि एनओसी, म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र, महिन्याभरात येईल म्हणाला, ती आजवर आली नाही. वाहन पोर्टलवर गाडी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर, वर एका बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, दिसतंय. मीटरवर ३८ हजार किलोमीटर होते पण सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला की ही गाडी २०१९ सालीच ७० हजारांच्या पुढे गेली होती. त्यात गेल्या महिन्यात पडावच्या पुलाजवळ टेम्पोने दार आणि बंपर चेपलं आणि इन्शुरन्स कंपनीने क्लेम घेतलाच नाही, कारण पॉलिसी पहिल्या मालकाच्या नावावर. ताई विचारतात, डीलरवर केस करू का, गाडी परत देऊ का, की दिल्लीची गाडी म्हणून दोन वर्षांत ती भंगारात जाणार आहे?

ताई, तुमचं पत्र आणि सगळे फोटो नीट बघितले. शेवटची भीती आधी घालवतो कारण तिच्यापायी तुम्ही घाईत काहीतरी करून बसाल. दहा वर्षांची मर्यादा डिझेलला आहे, पेट्रोलला पंधरा, आणि ती सुद्धा दिल्ली-एनसीआरपुरती, आधी राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. ग्वाल्हेर एनसीआरमध्ये येत नाही. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली पंधरा वर्षं चालणार, म्हणजे २०२८ पर्यंत, नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. फक्त आरसीवर गाडी इम्पोर्टेड म्हणून लागली असेल तर त्या रिन्यूअलची फीच ४० हजार आहे, साध्या कारला ५ हजार, तेवढं आत्ताच माहीत असू द्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही मीटरवरून चिडला आहात, ते अगदी रास्त आहे, पण मीटरचं भांडण दोन महिन्यांनी सुरू केलं तरी चालेल, नावाचं नाही चालणार. आज गाडी तुमच्या फाटकात आहे, चावी तुमच्या हातात आहे, पण सरकारच्या लेखी ती तुमची नाही. आणि हे सोडवू शकेल असा माणूस डीलर नाहीच. तो आहे पहिला मालक, ज्याने तुम्हाला फोनवर "मैंने तो गाड़ी बेच दी, अब मेरा कोई मतलब नहीं" असं सांगून फोन ठेवला.

त्याचा मतलब खूप आहे, त्याला ते कोणी सांगितलेलं नाही एवढंच. मोटर वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे अगदी स्पष्ट केलंय, तिथे माणसाने गाडी विकून जवळजवळ दोन वर्षं झाली होती, गाडी आणखी दोन-तीन हातांतून फिरली होती आणि मग अपघात झाला, तरी भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच आली कारण रजिस्टरमध्ये नाव त्याचं होतं. म्हणजे उद्या तुमच्या गाडीने कोणाला धक्का लागला तर दाव्याची नोटीस दिल्लीत त्याच्या घरी जाणार. चलानंही त्याच्याच नावावर फाटताहेत. मी क्लेम ट्रिब्युनलमध्ये अशी माणसं पाहिली आहेत, निवृत्त, साधी, पाच वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीसाठी तारखांना येऊन बसणारी. तो माणूस तुमचा शत्रू नाही, तुमच्याइतकाच अडकलेला आहे, फक्त त्याला अजून कळलेलं नाही.

तेव्हा नोटीस वगैरे नंतर, आधी त्याला एक साधं पत्र लिहा. आरसीच्या झेरॉक्सवर पत्ता आहे, त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि तेच व्हॉट्सअॅपवरही टाका. धमकी नको. गाडी कोणत्या तारखेला कोणाकडून घेतली, किती पैसे दिले, ती कुठे आहे, आणि जोवर नाव बदलत नाही तोवर अपघाताची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे, एवढं सांगा, निकालाचं नाव आणि साल लिहा म्हणजे ते त्यांच्या वकिलाला विचारतील आणि तोही हेच सांगेल. मग तीन गोष्टी मागा. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजाची नोंद काढायचा फॉर्म ३५, कलम ४८ ची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि ऑनलाइन अर्जाच्या वेळी ओटीपी, कारण तो त्यांच्याच मोबाइलवर जाणार, तुम्ही कितीही एजंट धरा. येणारा खर्च तुम्ही सोसायला तयार आहात हेही लिहा, तो नंतर डीलरकडून मागता येतो.

हायपोथिकेशनबद्दल तुम्ही फार घाबरला आहात म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कलम ५१(४) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही, त्यामुळे हा अडसर खरा आहे. पण २०१३ ची गाडी, नवीन घेताना कर्ज काढलं असेल तर पाच-सात वर्षांत ते केव्हाच फिटलं असणार, बहुतेक वेळा कर्ज संपतं, बँक पत्र देते, ते पत्र कपाटात पडून राहतं आणि आरटीओतली नोंद काढायला कोणी जातच नाही. अशा पत्राची मुदत साधारण तीन महिने असते, ती गेली असेल तर बँक नवीन देते. दुसरी शक्यता वाईट आहे, मालकाने मधेच गाडीवर पुन्हा लोन उचललं असेल. पोर्टलवर बँकेचं नाव आहे पण बँक तुमच्याशी बोलणार नाही, फक्त कर्जदाराशी बोलेल, म्हणून पुन्हा गोष्ट पहिल्या मालकापाशीच येते. कर्ज बाकी निघालं तर एक रुपया कोणाला देऊ नका, आधी मला कळवा, कारण मग डीलरने विकायला नको ती वस्तू विकली असं होतं आणि माल विक्री कायदा १९३० च्या कलम १४ खाली केस फार मजबूत होते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक गोष्ट माझ्या लगेच डोळ्यांत भरली. फॉर्म ३० वर सही निळ्या शाईत आहे, तारखेची जागा कोरी आहे, आणि खाली फायनान्सरच्या संमतीच्या रकान्यावर व्हाइटनरचा जाड पट्टा आहे. तिथे आधी काहीतरी लिहिलं होतं. म्हणजे डीलरला बँकेचं माहीत होतं आणि त्याने ते तुमच्यापासून झाकलं, असं म्हणायला तुमच्याकडे कागद आहे. तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, व्हाइटनर खरवडायला कोणालाही देऊ नका, एजंटला तर मुळीच नाही, आणि त्यावर आता मागची तारीख टाकून सही करायला कोणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. आज कोरी जागा तुमच्या बाजूने बोलते, खोटी तारीख पडली की तुमच्या विरुद्ध बोलेल.

वेळेचं बघा. दुसऱ्या राज्यातली गाडी घेतल्यावर घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं, विकणाऱ्याने ४५ दिवसांत एनओसीसकट, या दोन्ही तारखा गेल्या, त्यावर दंड लागतो, भरून टाकू. पण कलम ४७ म्हणतं की बाहेरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. तुमचे आठ झाले. चार महिन्यांत एनओसी, चलानांचा भरणा, इथला लाइफटाइम टॅक्स आणि एमपी-०७ चा नंबर एवढं उरकायचंय. चलानं आजच ऑनलाइन बघा, तुमच्या काळातली तुम्ही भरा, आधीची डीलरच्या हिशोबात लिहून ठेवा, ती थकलेली असली की एनओसी अडते.

इन्शुरन्सचं. तुमच्या गाडीने एखादा माणूस जखमी झाला असता तर त्याची भरपाई पॉलिसीतून निघाली असती, कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या निकालात ते सांगून ठेवलंय, त्यामुळे तुमचा क्लेम नाकारणं सरसकट चूक नाही. पण २०२० मध्ये सुरेंद्र कुमार भिलावे यांच्या केसमध्ये कोर्टाने असं धरलं की नाव बदललेलंच नाही आणि फायनान्सरची संमती नाही, तर रजिस्टर्ड मालक हाच मालक राहतो आणि क्लेम त्याला मिळायला हवा. ते ट्रकचं प्रकरण होतं, तिथे पैसे पूर्ण दिलेले नव्हते, तुमच्या केसमध्ये दिलेत, तेवढा फरक आहे. तरी पहिला मालक सोबत आला तर त्याच्या नावाने क्लेम टाकून बघता येईल. गाडी कोण चालवत होतं, कधीपासून तुमच्याकडे होती, सगळं खरं लिहायचं. खोटं सांगून मिळालेले पैसे व्याजासकट परत द्यावे लागतात.

आता डीलर. तो तुमच्याकडे "और पच्चीस हज़ार भेजो, एनओसी निकलवा देंगे" म्हणतोय, देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मधून पोर्टलवर गेली की तो त्या गाडीचा मालक मानला जातो, एनओसी काढायची ताकद आणि गाडीची जबाबदारी दोन्ही त्याच्याकडे येते. तुम्ही त्याला लेखी विचारा, तुमचा ऑथरायझेशन नंबर द्या, २९सी कधी भरला ते सांगा. उत्तर आलं तरी उपयोगाचं, नाही आलं तर जास्त उपयोगाचं.

मीटरच्या भांडणाला पुरावा लागतो, सर्व्हिसवाल्याचं तोंडी बोलणं चालत नाही. ऑथराइज्ड सेंटरमधून चेसिस नंबरवर जुनी सर्व्हिस हिस्टरी छापून घ्या, प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात. या गाडीच्या चावीतही किलोमीटरची नोंद राहते, सेंटरवाले मशीनवर चावी वाचून काढतात, तीही प्रिंट शिक्क्यासकट घ्या, दोन्ही चाव्यांची. डॅशबोर्डच्या मधोमध ताटाएवढं स्पीडोमीटर आहे, त्याचा आणि आजच्या रीडिंगचा तारीख दिसेल असा फोटो काढा. डीलरचा "३८ हज़ार जेन्युइन" हा मेसेज हा तुमचा सगळ्यात मोठा कागद आहे. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, कोर्टात ते द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते मी करून देईन. त्याच्या पावतीवर "जहाँ है जैसी है" लिहिलंय म्हणून खचू नका, न दिसणाऱ्या दोषावर गप्प बसणं वेगळं आणि विचारल्यावर खोटा आकडा सांगणं वेगळं, दुसऱ्याला करार कायद्याचं कलम १७ लागतं आणि तिथे ती ओळ त्याला वाचवत नाही.

केस कुठे? ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दिल्लीला जायचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ मध्ये तक्रार करणाऱ्याच्या राहत्या ठिकाणी दावा चालतो, पन्नास लाखांपर्यंतचे जिल्ह्यातच, आणि तुमच्या रकमेला फी फक्त २०० रुपये. मुदत दोन वर्षं. तक्रारीत फसवणूक, कट असले शब्द भरू नका, आयोग म्हणतं हे किचकट आहे, दिवाणी कोर्टात जा. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा एवढंच लिहायचं आणि कागद जोडायचे. रोखीच्या ७५ हजारांची पावती नाही पण "कैश मिल गया" असा मेसेज आहे, पुरतो. पोलिसात अर्ज द्यायचा तर द्या, भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) फसवणुकीचं कलम ३१८ लागू शकतं, पण ठाण्यात दिवाणी मामला म्हणून हात झटकतील ही तयारी ठेवा.

राहिलं परत देण्याचं. तुम्ही लिहिलंय की गाडी मुलीची फार लाडकी आहे आणि परत द्यायचा जीव होत नाही. मग तसंच ठरवू, पण आत्ताच ठरवायला हवं. खोटं कळल्यावरही गाडी वापरत राहिलात, नवीन टायर घातलेत, तर परत देण्याचा हक्क हळूहळू जातो, गाडी ठेवून किमतीतला फरक आणि खर्च मागण्याचा राहतो. मुलीशी बोला. ठरेपर्यंत गाडी फाटकातच राहू द्या, नाव आणि पॉलिसी जुळेपर्यंत तर नक्कीच.

पहिल्या मालकाचं पत्र या आठवड्यात टाका, स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो मला पाठवा. पंधरा दिवस त्यांच्या उत्तराची वाट बघू आणि मग डीलरच्या नोटिशीचा मसुदा करू.