खाऱ्या जमिनीत भाताची रोपं पिवळी पडून मरतात, कोणतं खत टाकू?

खत? आधी बांध बघा हो. जरा चिडून लिहितोय, कारण ह्याच प्रश्नापायी आमच्या घरात जिप्समच्या (जमीन सुधारायला टाकतात ती भुकटी) बारा गोण्या आल्या होत्या.

आमची शेती पेण तालुक्यात खाडीला लागून, माझं आणि चुलतभावाचं शेत एकाच बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत. उन्हाळ्यात एका उधाणाला, खेकड्यांनी पोखरलं होतं तिथेच बांधाला खांड पडली. मी म्हटलं दादा, चार गडी घेऊ, खांड बुजवू, उघाडीची (बांधातलं पाणी सोडायचं दार) फळी कुजलीय ती पण बदलू. दादा म्हणे ते सरकारचं काम, आणि मोबाईलवर अकोल्याकडचा कुठलातरी व्हिडिओ बघून जिप्सम घेऊन आला. टाकलं, लावणी झाली, अमावास्येच्या भरतीला त्याच खांडीतून पाणी परत आत. त्याचं सगळं गेलं आणि माझं अर्धं, खाडीला काय सातबारा कळतो का.

आमच्याकडे मीठ धुतो तो पाऊस. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसाचं पाणी शेतात तुंबवायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, परत भरायचं. दादाला हे पाणी वाया घालवणं वाटतं. रोप कोवळं असताना खार सोसत नाही, म्हणून एकवीस दिवसांचं लावू नका, तीस-पस्तीस दिवसांचं लावा, एका चुडात, म्हणजे एका जागी, चार-पाच काड्या, थोडं दाट. फुलोऱ्यात परत नाजूक होतं तेव्हा गोडं पाणी शेतात हवंच. बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं घ्या, पनवेल १, २, ३ त्यांचेच वाण. युरिया एकदम ओतू नका, हप्त्यांनी द्या. कापणी झाली की लगेच नांगरा, नाहीतर उन्हाळ्यात मीठ खालून वर चढतं आणि पांढरी साय धरते.

हां, एक आधीच सांगायला हवं होतं, माती तपासून घ्या. अकोल्याकडे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात असते तशी सोडियम धरून बसलेली चोपण जमीन असेल, सामू (पीएच) साडेआठच्या वर, तर तिथे जिप्सम बरोबरच आहे. म्हणजे तो व्हिडिओवाला चुकला नव्हता.

पुढच्या वर्षी पीक बरं आलं. दादा अजून सांगतो जिप्सम उशिरा लागू पडलं. खांड मी बुजवली होती, ह्यानं घमेलंसुद्धा उचललं नव्हतं.