रिटायर होतोय असं तो स्वतः सांगेपर्यंत थांबू का? (2025 च्या उन्हाळ्यातलं पत्र आणि उत्तर)

"ताई, मी 36 वर्षांचा, न्यू जर्सीत एडिसनला असतो, बायको आणि एक मुलगी. 2013 ला एमएस करायला एलएला आलो आणि तिथे डॉजर्स या बेसबॉल टीमचा पिचर (बॉल टाकणारा) क्लेटन कर्शॉ याचं वेड लागलं. 2014 चा अख्खा सीझन मी रेडिओवर ऐकलाय, किचनमध्ये. आजवर त्याला मैदानात एकदाही बघितलेलं नाही. आधी पैसे नव्हते, मग जॉब इकडे लागला. मे महिन्यात डॉजर्स न्यूयॉर्कच्या मेट्सशी खेळायला क्वीन्सला आले होते तेव्हा म्हटलं पुढच्या वर्षी जाऊ. आता वाटतंय पुढचं वर्ष नाहीच त्याचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा कोल्हापूरहून येतायत, त्याआधी एकटाच एलएला जाऊन एक मॅच बघून येतो म्हटलं तर बायको म्हणाली डोकं फिरलंय का, टीव्हीवर दिसतो की. त्याने रिटायरमेंट अनाउन्स करेपर्यंत थांबू का? आणि या वयात असल्या गोष्टीसाठी रडू येणं नॉर्मल आहे का?
– बावीस नंबर (त्याच्या जर्सीचा)"

अरे बावीस नंबर,

रडण्याचं आधी उरकते. नॉर्मल आहे. सचिन वानखेडेवर शेवटचं बोलला तेव्हा आपल्या ओळखीतले किती बाप्ये डोळे पुसत होते आठव, त्यातल्या एकाला तरी कोणी विचारलं का नॉर्मल आहेस का म्हणून? तुझा माणूस अमेरिकन आहे आणि हातात बॅटऐवजी बॉल आहे एवढाच काय तो फरक.

आता टीव्हीवर दिसतो की, याचं. हे वाक्य तुला एवढं का लागलं हे बायकोला माहीतच नसणार, कारण तू तिला सांगितलेलं नाहीस असं मला पत्रावरून दिसतंय. 2014 ला डॉजर्सचं स्वतःचं चॅनल सुरू झालं आणि बहुतेक केबलवाल्यांनी पैशाच्या भांडणात ते घेतलंच नाही, 2020 पर्यंत एलएमधल्या निम्म्याहून जास्त घरांत स्वतःच्या गावची टीम दिसत नव्हती! आणि नेमका तोच याचा सगळ्यात भारी काळ, 2014 ला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्डही त्याला आणि सर्वोत्तम खेळाडूचं एमव्हीपीही त्याला, आणि 18 जूनला रॉकीजविरुद्ध तो नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही), 15 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही वॉक (चार वाईट बॉलवर फुकटचा बेस) नाही, शॉर्टस्टॉपची, म्हणजे एका फिल्डरची, एक चूक झाली म्हणून परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचत नाही तो) हुकला. हे सगळं तू किचनमध्ये कानाने बघितलंस. म्हणजे टीव्हीवर दिसतो हे तुझ्या बाबतीत तेव्हा खोटंच होतं, हे तिला नीट बसून सांग की. मला लिहिण्याआधी तिलाच सांगायला हवं होतंस खरं तर.

थांबायचं का? नाही, अजिबात नाही. अनाउन्समेंटची वाट बघणारे लोक कसे फसतात ते याच वर्षी मे मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं, रोहितने आणि मग पाचच दिवसांत विराटने इन्स्टावर पोस्ट टाकली आणि टेस्टमधून गेले, ज्यांनी एकदा शेवटची टेस्ट बघू म्हणून ठरवलं होतं ते बसले मोबाइल बघत. सचिनचं महिनाभर आधी कळलं होतं तर तिकिटाची साइटच कोलमडली. तुमच्या बेसबॉलमध्येही दोन्ही प्रकार आहेत, यँकीजच्या जीटरने 2014 चा सीझन सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं म्हणून वर्षभर गावोगाव निरोप समारंभ झाले, आणि जपानच्या इचिरोचं बघ, 2019 ला टोकियो डोममध्ये मॅच चालू असतानाच बातमी फुटली आणि त्याच रात्री त्याने जाहीर केलं, संपलं. कर्शॉ काय करेल ते त्यालाच माहीत. पण 37 वय, 2023 च्या शेवटी खांद्याचं ऑपरेशन, गेल्या वर्षी पायाचा अंगठा आणि गुडघा, करार एका वर्षाचा, आणि 2 जुलैला 3000 स्ट्राइकआउटही झाले. आणखी कसली चिठ्ठी हवीय तुला? आणि समज उद्या सांगितलंच त्याने, तर त्या मॅचचं तिकीट तुझ्या खिशाला परवडणार आहे का? आत्ता जी साधी, कोणाचं फारसं लक्ष नसलेली मॅच आहे तीच बघ.

पण एलएला जायचा हट्ट सोड. (इथे मी वहिनीच्या बाजूने आहे.) पिचर म्हणजे काही बॅट्समन नव्हे की मॅच आहे म्हणजे दिसणारच, त्याची पाळी पाच-सहा दिवसांनी एकदा, त्यात बॅटिंग करणारा ओहतानीपण आता पिच करायला लागल्यामुळे डॉजर्स सहा जणांना फिरवतायत. सहा तास विमानात बसून जायचं आणि त्या दिवशी हा डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला, असं व्हायचं. त्यापेक्षा वेळापत्रक उघड. 5, 6, 7 सप्टेंबर, शुक्र शनि रवि, डॉजर्स बाल्टिमोरला कॅम्डन यार्ड्सवर आहेत. एडिसनहून गाडीने अडीच-तीन तास, नाहीतर मेट्रोपार्कहून अ‍ॅमट्रॅक. हॉटेल नको, विमान नको, रात्री उशिरा घरी. ऑगस्ट संपेपर्यंत तो कुठल्या दिवशी पिच करतोय ते लिहीत जा आणि पुढचे सहा दिवस मोजत जा, अंदाज येतो, आणि दोन-चार दिवस आधी टीम नावंच जाहीर करते, तेव्हा तिकीट काढ. तीन मॅच म्हणजे साधारण अर्धा चान्स. नाही जमलं तर मात्र एलएचं बोलू, घरच्या मैदानावरची शेवटची सीरिज 18 ते 21 ला जायंट्सशी आहे, पण तेव्हा आईबाबा आलेले असणार, म्हणजे ते तुझं तू बघ.

हो आणि 6 तारखेला अनंत चतुर्दशी आहे. घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर प्रश्न नाही, दहा दिवसांचा असेल तर शनिवारचं नाव पण काढू नकोस, कर्शॉ असला तरी.

बायकोचं. मला नाही वाटत तिचा राग बेसबॉलवर आहे. सासूसासरे यायच्या तोंडावर घरात शंभर कामं पडलेली असताना नवरा म्हणतो मी एकटाच चाललो, आता यात तिने आरती ओवाळायची का? तिला विचार येतेस का, मुलीलाही घेऊ. नाही म्हणाली तर नाही, जबरदस्ती नको, तीन तास न कळणारा खेळ बघणं ही शिक्षा असते, आमचे हे मेट्सवाले आहेत, मला विचार. पण मग तिचाही एक अख्खा दिवस तिला दे, मुलगी तुझ्याकडे, फोन करून डबा कुठेय विचारायचं नाही. आणि बाबांना बेसबॉल दाखवायचंय असली पळवाट काढून मॅच पुढे ढकलू नकोस, ते आले की हवी ती दाखव त्यांना.

गेलास तर लवकर जा. मॅचच्या आधी तो बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) वॉर्मअप करतो ते बघायला मिळालं तर मॅचपेक्षा जवळून दिसेल. दोन्ही हात डोक्यावर नेतो, मग पाय उचलून मध्येच क्षणभर थांबतो आणि मग टाकतो, ते थांबणं रेडिओवर कधी दिसलं नसेल तुला, तेवढं तरी फोन खाली ठेवून बघ. बाकी फार काही होईल अशी आशा ठेवू नकोस, आता तो 2014 चा राहिलेला नाही, नऊपैकी पाच-सहा इनिंग टाकेल, कदाचित मारही खाईल. मे मध्ये क्वीन्सला तर दोन इनिंग झाल्या आणि पाऊस आला, मग तो परत आलाच नाही, म्हणजे तेव्हा गेला असतास तरी भिजूनच आला असतास. ते मनातून काढून टाक.

आणि बायकोशी बोलणं तिकीट काढायच्या आधी. नंतर नाही.

– ताई