जवळपास शिक्षक नसताना आयरिश टिन व्हिसल कशी शिकावी? बासरी थोडीफार येते.

बासरी येते म्हणजे निम्मं काम झालंय. उरलेलं निम्मं मात्र त्याच बासरीच्या सवयी मोडण्यात जाईल. दोन्हीबद्दल लिहितो.

आधी वाद्य. टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, उभी धरून टोकाकडून फुंकायची छोटी बासरी. दुकानात किंवा ऑनलाइन सी, बी फ्लॅट, एफ अशा अनेक पट्ट्यांच्या व्हिसल दिसतील. घ्यायची ती डीची, म्हणजे आपल्या पांढरी दोनची. आयर्लंडमधल्या बहुतेक जिग आणि रील (या नाचाच्या चाली) डी किंवा जी पट्टीत वाजतात, आणि बहुतेक रेकॉर्डिंग आणि धडेही डी व्हिसल गृहीत धरून असतात. सीची घेतलीत तर जवळजवळ कशाच्याच सोबतीने वाजवता येणार नाही. ‘लो डी’ नावाची लांब, खर्जाची व्हिसल ऐकायला फार गोड असते, पण तिची भोकं लांब-लांब आणि फुंक जास्त लागते. ती दुसऱ्या वर्षी. पहिलीसाठी जनरेशन, फीडोग किंवा क्लार्क स्वीटोन, यांतली कुठलीही चालेल. महाग व्हिसलने सूर जास्त स्थिर लागतो, पण पहिल्या सहा महिन्यांतल्या चुका वाद्याच्या नसतात.

स्वस्त व्हिसलचं प्लास्टिकचं तोंड नळीला चिकटवलेलं असतं, त्यामुळे सूर मिळवता येत नाही. तोंडाकडचा भाग अर्धा मिनिट चांगल्या गरम पाण्यात धरा आणि फडक्याने पकडून पिळा, सुटतो. मग थोडा वर-खाली सरकवून फोनवरच्या ट्यूनरवर ए ४४० ला (म्हणजे ए सूर ४४० हर्ट्झ या प्रमाणाला) मिळवून घ्या. वरच्या सप्तकात फारच किंचाळत असेल, तर तोंडाच्या आत, फुंकेच्या मार्गाखाली जी पोकळी असते ती ब्लू-टॅकने (कागद भिंतीला चिकटवायच्या मऊ, चिकट गोळ्याने) भरून सपाट करा. बराच फरक पडतो. आणि मध्येच आवाज घोगरा होऊन बंद पडला तर वाद्य बिघडलेलं नसतं, फुंकेच्या फटीत वाफेचं पाणी साचलेलं असतं. खिडकीवर (म्हणजे तोंडाखालच्या चौकोनी खाचेवर) बोट ठेवून एकदा जोरात फुंका, पाणी उडून जातं.

आता बोटं. तुमच्याकडे पांढरी पाचची बासरी असेल तर तिची आणि डी व्हिसलची बोटं जवळजवळ तीच. वरची तीन भोकं बंद म्हणजे जी, म्हणजे पांढरी पाचचा सा. सहाही बंद म्हणजे डी, म्हणजे त्या सा चा पंचम. सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. वरचा पंचम वाजवताना पहिलं भोक उघडून बाकी पाच बंद. व्हिसल एक सप्तक वर बोलते, एवढंच. फरक शुद्ध मध्यमात आहे: बासरीत आपण पहिलं भोक अर्धं झाकतो, व्हिसलवर पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करतात आणि बाकी तीन उघडी. अर्धं भोकही चालतं, पण जलद चालीत ते बेसूर होतं, म्हणून ही दुसरी बोटं सुरुवातीपासून लावून घ्या. डीची चाल आली की मात्र सा सहाही भोकं बंद असा धरावा लागतो, आणि बासरीवाल्यांना त्याचा पहिले काही दिवस वैताग येतो.

फुंक बासरीपेक्षा खूपच कमी. खालचा डी वाजवायला गेलात आणि वरचा डी बोलला, तर कारण दोनपैकी एक: फुंक जास्त आहे, किंवा उजव्या हाताच्या अनामिकेखालून हवा गळते आहे. कुठलं ते ओळखायला फुंक हळूहळू कमी करून पाहा. तरीही चिरकतंय म्हणजे गळती. पाच-दहा सेकंद बोटं दाबून मग उचला आणि गोल वळ बघा. वळ अर्धवट असेल ते बोट गुन्हेगार.

आता एक खरी चाल घेऊ. ‘द केश’ ही जिग जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येते आणि ते बरोबरच आहे. जी हा सा धरून तिच्या पहिल्या चार मात्राखंडांचा साचा असा:

सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे

पहिल्या भागात मध्यम नाही, म्हणजे वरची भानगड नाही. अडचण एकच आणि ती मोठी: ग वरून प. ग ला फक्त पहिलं भोक बंद असतं, प ला पहिलं उघडं आणि बाकी पाच बंद. तर्जनी उचलताना बाकी पाच बोटं त्याच क्षणी बसली पाहिजेत. तर्जनी लवकर उठली तर मध्ये तीव्र मध्यमाचा टिपका ऐकू येतो, उशिरा उठली तर गुळगुळ आवाज होतो. ग-प-ग-प एवढंच, इतक्या हळू की चूक होऊच शकणार नाही, रोज दोन मिनिटं. बाकी चाल तुम्ही दोन दिवसांत बसवाल.

यानंतर जे सांगतोय त्यावर शिक्षकाविना शिकणाऱ्यांची गाडी हमखास अडते. वरचं सरगम पाहून तुम्ही सहाही मात्रा सारख्या वाजवाल. बरोबर सूर, बरोबर लय, आणि तरी ती जिग नसेल. मोजायला जिग दादऱ्यासारखी तीन-तीनची आहे, पण त्या तीन मात्रा समान नसतात: पहिली जराशी लांब, दुसरी सर्वांत आखूड, तिसरी पुढच्या पहिलीकडे झुकणारी. किती लांब, किती आखूड हे कागदावर लिहिता येत नाही. वादकागणिक आणि भागागणिक ते बदलतं. म्हणून स्वरलिपीतून शिकू नका. स्वरलिपी फक्त अडलेला सूर तपासायला.

कानाने शिकायची पद्धत आपल्याकडच्या तालमीसारखीच आहे, फक्त गुरूच्या जागी रेकॉर्डिंग. एका चालीसाठी एकच वादक निवडा. मेरी बर्गिन स्वच्छ आणि जलद वाजवतात. क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे मिको रसेल साधं, मोकळं वाजवायचे, आणि नवशिक्याला त्यांचं जास्त उपयोगी पडतं असं माझं मत. ‘द सेशन’ या संकेतस्थळावर एकेका चालीची दहा-दहा रूपं मिळतात. ती वेगवेगळ्या लोकांनी टिपलेली आहेत. त्यांची खिचडी करू नका. निवडलेलं रेकॉर्डिंग आधी दोन-तीन दिवस नुसतं ऐका, पाय आपटत. मग वेग पाऊण किंवा निम्मा करा (यूट्यूबच्या सेटिंगमध्येच सोय आहे, ‘अमेझिंग स्लो डाउनर’सारखी ॲप अधिक बारकाईने करतात) आणि दोन-दोन मात्राखंड तोंडाने ‘डिडल-डी डिडल-डी’ असे म्हणा. आयरिश लोक याला लिल्टिंग म्हणतात. तोंडात ठेका बसल्याशिवाय बोटं लावायची नाहीत.

बासरीवाल्याची दुसरी अडचण मींड. तुमची बोटं आपोआप सुरातून सुरात घसरतील, आणि इथे ते चुकीचं वाटतं. आयरिश वादनात दोन सारखे सूर वेगळे करायला ‘कट’ वापरतात: वरचं एक बोट क्षणभर उचलून ठेवायचं, इतकं झटकन की वरचा सूर सूर म्हणून ऐकूच येऊ नये, फक्त टिचकी ऐकू यावी. ही मुरकी नव्हे. मुरकीतला सूर ऐकू आला पाहिजे, कटचा आला तर कट फसला. त्याच्या उलट ‘स्ट्राइक’: खालच्या उघड्या भोकावर बोटाची एक थाप, तीही तितकीच निमिषभर. दोन्ही मिळून रोल होतो. जी वर तो असा: सा, डाव्या अनामिकेने कट, पुन्हा सा, चौथ्या भोकावर उजव्या तर्जनीची थाप, पुन्हा सा. केशच्या सुरुवातीचे ‘सा – –’ हे तीन मात्रांचे आहे, म्हणजे रोलची नेमकी जागा. पण पहिले दोन महिने तिथे रोल घालू नका. कट आणि थाप सुटे-सुटे लयीत बसले नाहीत तर रोल म्हणजे नुसती गडबड होते आणि अख्खा ठेका त्यात बुडतो.

तोवर ती जागा श्वासाला वापरा. या चालींत विश्रांती लिहिलेलीच नसते, चक्र अखंड फिरतं, म्हणून श्वास घ्यायला सूर खावा लागतो. नवशिके खंड संपल्यावर घेतात आणि पुढची सम उशिरा पडते. त्याऐवजी ‘सा – –’ मधला सा दोन मात्रा धरून तिसरीत श्वास घ्या. सम वाजलीच पाहिजे. खायचा तो तिच्यानंतरचा आखूड सूर.

जीभ कमी लावा. प्रत्येक सुरावर ‘तू-तू’ केलं की शाळेतल्या रेकॉर्डर नावाच्या बासरीसारखं होतं. बहुतेक सूर एका फुंकेत जोडलेले, जीभ फक्त उठाव हवा तिथे.

वेगाबद्दल. सेशनमध्ये (म्हणजे वादक एकत्र बसून वाजवतात त्या बैठकीत) जिग मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोक्यांनी जाते, एका ठोक्यात तीन मात्रा. तुम्ही ६० वर सुरू करा, आणि ६० वर पाय आपोआप हलत असेल तरच ६५. पहिल्या सहा महिन्यांत दहा चाली पुरेत: तीन-चार पोल्का (याही नाचाच्या चाली, सर्वांत सोप्या), चार जिग, आणि शेवटी एखाद-दोन रील. बहुतेक चाली म्हणजे ८ खंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, असे ३२. आणि सेशनमध्ये ती दोन-तीन वेळा फिरवून लगेच दुसरी चाल जोडतात. त्यामुळे घरीही तीनदा सलग, न थांबता वाजवायची सवय लावा. चुकलात तरी पुढे जायचं.

आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा, फोन तीन-चार फुटांवर ठेवून. दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर आपलं सगळं बरंच वाटतं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची कुरबुर झाली तर व्हिसलच्या खिडकीच्या एका कडेला ब्लू-टॅकचा बारीक कण लावा; आवाज दबतो, सूर थोडा उतरतो.

एवढं करूनही कुणीतरी जाणत्याने तुमचं ऐकणं लागतंच. आठवड्याची शिकवणी नको. दोन महिन्यांतून एकदा अर्धा तास पुरतो, आधी ठरवलेल्या दोन चाली आणि तीन शंका घेऊन. रेकॉर्ड केलेल्या धड्यांसाठी ओएआयएम ही ऑनलाइन अकादमी चांगली आहे, पण ती तुमच्या चुका ऐकत नाही. थेट शिकवणीला वेळ आयर्लंडची सकाळ मागा: तिथले दहा म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. त्यांची संध्याकाळ घेतलीत तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतात आणि तेव्हा व्हिसल वाजवून दाखवणं कठीण. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला विसरू नका, नाहीतर त्याची गोंगाट गाळणारी यंत्रणा व्हिसललाच गोंगाट समजते आणि शिक्षकाला तुकडे ऐकू येतात. एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोहोचतो. ते वाजवतील तेव्हा तुमचा माइक बंद ठेवून सोबत वाजवा, मग माइक उघडून एकटे.